दहापैकी तीन

अक्का, मी तुला लिहिलेलं शेवटचं पत्र हे तगाद्याचं कार्ड निघालं.

पोस्टाचं साधं कार्ड. "श्रीमती सुमित्राबाई यांस. आपल्याकडील पुस्तक मुदत संपूनही परत आलेले नाही. पाच वाचक रांगेत आहेत. येत्या शनिवारी अवश्य आणावे." खाली माझी सही, तीसुद्धा पूर्ण नावाची. सोमवारी दुकान उघडण्याआधी मी ते मल्लेश्वरमच्या पोस्टात टाकलं. मंगळवारी ते बनशंकरीला तुझ्या हातात पडलं. गुरुवारी सकाळी तू गेलीस.

कार्डावर अर्ध्याहून जास्त जागा कोरी होती. "तब्येत बरी आहे ना" एवढं सहज मावलं असतं. पण लायब्ररीच्या कार्डावर घरचं काही लिहायचं नाही हा नियम, आणि नियम माझाच.

तुझ्या सुनेचा, उमाचा, फोन दुकानावर आला तेव्हा माझे दोन्ही हात खळीने भरलेले होते. एका शाळेच्या हजेरीपटांचं बाइंडिंग चाललं होतं. तिने दोन वाक्यांत सांगितलं. मी म्हटलं, "थांब, हात धुऊन येते." रिसीव्हर टेबलावर ठेवला, मागे जाऊन साबणाने हात धुतले, नखांतली खळ काढली, टॉवेलला पुसले, परत येऊन रिसीव्हर उचलला आणि म्हटलं, "हं, आता सांग." बिचारीने पुन्हा तेच सांगितलं. हात स्वच्छ झाल्यावर बातमी वेगळी येईल असं मला वाटलं होतं की काय, कोण जाणे.

हे मी येत्या शनिवारी कपाटापुढे वाचणार आहे. म्हणून तुला माहीत असलेल्या काही गोष्टीही सांगते. नव्या आलेल्यांना त्या ठाऊक नाहीत, आणि त्या कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

मल्लेश्वरममधल्या मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत आपलं एक लाकडी कपाट आहे. शनिवारी चारला उघडतं, सहाला बंद होतं, किल्ली माझ्याकडे. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या तुझ्यामाझ्यासारख्या बायका, आणि अलीकडे नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागून पुण्यामुंबईहून आलेल्या, अशा दोन्हीकडच्या इथून मराठी पुस्तकं नेतात. पुस्तक वाचून झालं की आपलं मत एका चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, चिठ्ठी बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. सगळ्यांचं वाचून झालं की मी डबा उघडून चिठ्ठ्या मोठ्याने वाचते. कुणाची चिठ्ठी ते ओळखलं तरी बोलायचं नाही. आणि प्रत्येक चिठ्ठीला मार्क मिळतात. ही पद्धत तुझी. तीस वर्षं शाळेत मुलांचं अक्षर वळवून निवृत्त झालेली बाई तू, मार्क दिल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही. मी चिठ्ठी वाचून तुझ्याकडे द्यायची, तू ती मांडीवर सपाट करायचीस आणि निकाल लावायचीस, "अक्षर सात, मत चार."

तुझी स्वतःची चिठ्ठी आली की सगळ्या गालात हसायच्या. नाव नसलं म्हणून काय झालं, तुझं अक्षर लपणार थोडंच? फळ्यावरून उचलून कागदावर ठेवल्यासारखं. स्वतःला तू नेहमी नऊ द्यायचीस. "एक मार्क नम्रतेचा कापला," म्हणायचीस.

मी वाचक नव्हते, हेही सांगायला हवं. मी बाइंडर. सासऱ्यांचं दुकान नवऱ्याने चालवलं, नवऱ्यामागे मी चालवते. कपाटातली पुस्तकं सुटी व्हायला लागली म्हणून तुम्ही मला बोलावलंत, आणि मी शिवणीचा दोरा, खळ आणि रेक्झिन घेऊन आले. पहिल्याच दिवशी तू विचारलंस, "आत काय आहे ते बघतेस का कधी?" मी म्हटलं, मला त्याचं काय करायचंय. तू माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलंस आणि म्हणालीस, "मग हे शिवू नको. आधी वाच, मग शीव." मला हसूच आलं. बत्तिसाव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली कादंबरी वाचली ती ही अशी, बाइंडिंगच्या आधीची अट म्हणून.

ते तांबडखोऱ्याचं पहिलं पुस्तक होतं.

तांबडखोऱ्याच्या कादंबऱ्या आपल्याकडे जेवढ्या वाचल्या गेल्या तेवढं दुसरं काहीच नाही. लाल डोंगरांचं खोरं, त्यात एक गड, गडाला एकच दरवाजा. खालून नदी जाते. वर्षातून एकदा तिला असं पाणी येतं की ते अंगाला लागलं तर माणूस आपली माणसं विसरतो. म्हणून पुराच्या दिवशी सूर्यास्ताला दरवाजा लावायचा, मग कुणीही बाहेर असो. गडाची धनीण भद्रा. तिने तरुणपणी एकदा असा दरवाजा लावला तेव्हा तिची धाकटी बहीण बाहेर होती. पंधरा पावलांवर. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर भद्रा म्हातारी झालेली आहे आणि बहीण अजून बाहेर आहे. अशी एकूण आठ पुस्तकं झाली. उडते घोडे आले, बोलणारी झाडं आली, तीन राजे मेले. आपल्या बायकांना त्याचं काही नव्हतं. प्रश्न एकच: भद्राने का लावला दरवाजा?

बारा वर्षं आपण दोघी यावर भांडलो. कपाट बंद केल्यावर तुझ्या बसस्टॉपपर्यंत मी यायची, आणि मॅजेस्टिककडे जाणारी बस येईपर्यंत भांडण.

"दरवाजा सूर्यास्ताला लावायचा तर लावायचा," मी म्हणायची. "आत चारशे माणसं होती."

"पंधरा पावलांवर होती गं ती."

"एकीसाठी थांबलं की दुसरीसाठी थांबावं लागतं."

"सरी, सरी, बरं बाई. तू भद्राच्या बाजूचीच. तुझ्या कपाटाला सहा वाजून एक मिनिटाने आलेल्या बाईला तू पुस्तक देत नाहीस, मला माहीत नाही का?"

हे खरं होतं. देत नाही.

नववं पुस्तक आलं ते यंदा. पण ते पुढचं नव्हतं, मागचं होतं. आठ पुस्तकांच्या आधी घडलेली गोष्ट: भद्रा आणि तिची बहीण लहान होत्या तेव्हापासून ते दरवाजा लागला त्या संध्याकाळपर्यंत. मी ते आधी शिवलं, मग वाचलं (रांग लागली होती, तुझी अट मोडली), पाठीवर नंबराची चिठ्ठी चिकटवली आणि पहिल्या पुस्तकाच्या आधी ठेवलं. नंबर दिला शून्य.

तू आलीस, बघितलंस आणि कपाटासमोरच उभी राहिलीस. "शून्य? शून्य हा मार्क असतो, पुस्तकाचा नंबर नव्हे."

"गोष्ट आधीची आहे, अक्का. आधी ठेवायला नको?"

"आलं शेवटी, ते शेवटीच ठेव."

"नव्या बाईने उलटं का वाचावं?"

"उलटं वाचून कुणी मेलं नाही. त्या तिसऱ्या पुस्तकाचं काय केलं होतंस, आठवतं ना?"

आता हे शनिवारी सगळ्यांना कळणारच, तर कळू दे. तिसऱ्या पुस्तकाचं बाइंडिंग करताना मी दोन फर्मे उलटसुलट शिवले होते. सोळा पानं मागची पुढे, सोळा पुढची मागे. चौदा बायकांनी ते तसंच वाचलं. एकीलाही संशय आला नाही. तुझी चिठ्ठी होती, "मध्येच कथा मागे जाते ते फार सुंदर साधलं आहे. मत नऊ." चूक मला सापडली तेव्हा मी तुला एकटीलाच सांगितली. तू बसस्टॉपवर एवढी हसलीस की कंडक्टर खाली उतरला.

शून्याचा वाद मात्र मिटला नाही. मी नंबर काढला नाही, तू बोलायचं सोडलं नाहीस.

मग चिठ्ठ्यांचा शनिवार आला. हा शनिवार मला पुन्हा पुन्हा दिसतो, आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी नवीन दिसतं. तू उशिरा आलीस. पिशवी डाव्या खांद्याला. "स्वल्प सरक," म्हणून नलिनीच्या बाजूला बसलीस. नलिनी म्हणजे पुण्याहून आलेली, तिला तुझ्या 'स्वल्प'चं नेहमी हसू यायचं, तेव्हाही आलं. चहा आला, तू कप दोन्ही हातांनी धरलास आणि न पिता खाली ठेवलास. मी म्हटलं, "गार होतोय." तू म्हणालीस, "होऊ दे." मी डबा उघडला तेव्हा म्हणालीस, "आज मार्क तू दे. माझा चष्मा राहिला." चष्म्याचं घर तुझ्या पिशवीतून वर आलेलं मला दिसत होतं. मी मनात म्हटलं, म्हातारी आज आळसावलीय.

पहिली चिठ्ठी होती: "आठ पुस्तकं थांबून जे कळलं नाही ते इथे चाळीस पानांत सांगून टाकलं. मग आम्ही इतकी वर्षं काय केलं?" अक्षर सहा, मत सहा.

दुसरी: "भद्रा तरुणपणी एवढी हसायची हे पटत नाही. माझ्या सासूबाईही तरुणपणी फार हसायच्या म्हणे. तेही पटत नाही." खोली हसली. तू म्हणालीस, "ओळखलं तरी बोलायचं नाही हं. पण सासूबाईंना कुणीतरी कळवा."

तिसरी: "घोडे फार. एवढा मोठा गड, पण एकदाही चूल पेटत नाही. चारशे माणसं खातात काय?" चौथीत अर्धं इंग्रजी होतं: "इट्स सो अनफेअर. मला भद्राला हेट करायचं होतं, आता करता येत नाही." नलिनी छताकडे बघत बसली होती. पाचवी म्हणत होती, "छान आहे." मी म्हटलं, अक्षर पाच, मत शून्य.

सहावी मी डोळ्यांसमोर धरली आणि मला वाचताच येईना. अक्षरं ओळीवरून खाली घसरलेली. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. पेन्सिल दोन ठिकाणी कागदातून आरपार गेलेली.

"अगं, हे कुणी लिहिलंय? धावत्या बसमध्ये उभ्याने?"

"ताई, कुणाच्या तरी मुलाने लिहिलं असेल," नलिनी म्हणाली.

मग मी ती वाचली. कशी वाचली ते सांगते. पहिलीतलं पोर वाचतं तशी, एकेक अक्षर लांबवत, सुरात. "बाऽऽ... हेऽऽर... उऽऽ... भं..." बायका हसून हसून डोळे पुसत होत्या. मला असं हसवता येतं हे मला नवीनच कळत होतं, म्हणून मी आणखी लांबवलं. चिठ्ठी अशी होती:

"बाहेर उभं असलेलं माणूस 'दार लावून घे' असं म्हणत नाही. लेखकाला भद्रा आवडते म्हणून त्याने तिला सोडवलं. हे पुस्तक शेवटीच वाचावं. कारण आधी कळलं तर रागावायचं राहून जातं."

नवव्या पुस्तकात तसंच आहे. धाकटीच्या पायाला नदीचं पाणी लागलेलं असतं, आणि पंधरा पावलांवरून ती स्वतःच ओरडून सांगते, ताई, दार लाव. भद्रा निर्दोष सुटते. मला ते वाचून समाधान वाटलं होतं. बारा वर्षांचा वाद मी जिंकले होते. म्हणून ती चिठ्ठी मला जरा टोचलीही, आणि मी म्हटलं, "मताचं नंतर बघू, आधी बाईंनी दुसरीत जावं. अक्षर, दहापैकी तीन."

"दोनच दे गं," तू म्हणालीस. "तीन जास्त झाले."

पुन्हा हशा. तूही हसलीस. मी तुला हसताना बघितलं.

राहिलेल्या चिठ्ठ्या झाल्या. मी विचारलं, "अक्का, तुझी कुठेय?" तू म्हणालीस, "लिहायची राहिली." वाचक दहा होते. चिठ्ठ्या दहा निघाल्या होत्या. तुझी राहिली असती तर नऊ असत्या. रेक्झिनचा वीतभर तुकडा मोजून ठेवणारी बाई मी, मी दहा चिठ्ठ्या मोजल्या नाहीत.

वाद ऐकून पाच जणींनी ते पुस्तक पुन्हा वाचायला मागितलं. तू म्हणालीस, "आधी मला." मी म्हटलं, आठ दिवस, एक दिवस जास्त नाही. सहाला कपाट लावलं. तू बसस्टॉपकडे न वळता ऑटोला हात केलास. "जयनगरला काम आहे." एवढ्या वर्षांत मी तुला ऑटोत बसताना पाहिलं नव्हतं. "लॉटरी लागली काय?" मी म्हटलं. ऑटोतून तू डावा हात हलवलास.

पुढच्या शनिवारी तू आली नाहीस. फोन नाही, निरोप नाही. सहा वाजेपर्यंत मी दाराकडे बघत होते. सहाला मला राग आला आणि मी कपाट लावलं. सोमवारी कार्ड टाकलं.

गुरुवारी तुझ्याकडे पोचले तेव्हा मी जे करते तेच केलं. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणवल्या, पाण्याचं बघितलं, ज्यांना कळवायचं होतं त्यांना कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन केले. तुझ्याकडे एकदाच नीट बघितलं. रडले नाही. एवढा वेळ तू गप्प होतीस, आणि मला तेच कळेना, की ही गप्प कशी.

पाचव्या दिवशी उमाने पुस्तक दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरी बांधून. "अत्ते म्हणाल्या होत्या, शनिवारच्या आत पोचलं पाहिजे." तिची अत्ते म्हणजे तू, सासू. मी तिथेच उघडलं. पानांत खुणेला माझं कार्ड होतं. मी कोऱ्या सोडलेल्या जागेत तू पेन्सिलने उत्तर लिहिलं होतंस.

"शालू, कार्ड पावलं. पुस्तक शनिवारी मीच घेऊन येते. कुणाला पाठवू नको. अक्षराचं आता कळलंच तुला."

ओळीवरून घसरलेली अक्षरं. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे.

चिठ्ठी आणून शेजारी ठेवून बघायची गरज नव्हती. उमा काहीतरी विचारत होती, पाणी हवं का असं असावं. मला फक्त माझाच आवाज ऐकू येत होता, तो लांबवलेला, सुरातला. बाऽऽहेऽऽर.

मग उमाने सगळं सांगितलं. महिन्याभरापूर्वी एका सकाळी तुझा उजवा हात उठला नाही. तू म्हणालीस, हातावर झोपले. तिने ऐकलं नाही, डॉक्टरकडे नेलं. लहानसा झटका येऊन गेला होता. गोळ्या दिल्या, बसची दगदग नको म्हणाले. तू घरी येऊन म्हणालीस, दगदग म्हणजे काय, बसायला जागा मिळाली तर दगदग कसली. आणि तिला एक दुरेघी वही आणायला लावलीस, पहिलीतल्या मुलांना देतात तशी. डाव्या हाताने अक्षर वळवायला.

"मला का नाही कळवलं?" मी विचारलं. माझा आवाज चढलेला होता.

उमाने मान खाली घातली. "वचन घेतलं होतं अत्तेंनी. म्हणाल्या, शालूला कळलं तर ती माझं येणं बंद करील. पुस्तकं घरी पाठवील. ती भद्राच्या बाजूची आहे."

ती गरीब मुलगी. भद्रा कोण हे तिला माहीत नाही. तिला वाटलं आपल्या नात्यातली कुणी असेल.

अक्का, मी पाठवली असती. एका मिनिटात ठरवलं असतं. दुकानातला माल पोचवणारा माणूस आठवड्याला बनशंकरीला जातो, त्याच्या हाती पुस्तकं. चिठ्ठी उमाने लिहून घ्यायची. शनिवारी फोनवर तुला सगळं वाचून दाखवायचं. फार चोख व्यवस्था केली असती, आणि सगळ्या म्हणाल्या असत्या, शालिनीने किती केलं अक्कांचं. तू विचारलंही नसतंस आणि मी तुझ्या तब्येतीसाठी दार लावून घेतलं असतं. हे तू ओळखलंस. बाहेर उभं असलेलं माणूस असं म्हणत नाही, हे तू भद्राच्या बहिणीबद्दल लिहिलंच नव्हतंस, किंवा तिच्याबद्दलही लिहिलंस आणि मलाही सांगितलंस. मी ते सुरात वाचून दाखवलं.

डॉक्टरांना मी भेटून आले. सरळ विचारलं, बसने आल्यामुळे झालं का? नाही म्हणाले. घरी बसून राहिल्या असत्या तर टळलं असतं का? तेही सांगता येत नाही म्हणाले. मला एक काहीतरी ठाम हवं होतं. ते कुणाकडेच नाही.

ती वही उमाने मला दिली. सव्वीस पानं भरलेली आहेत. पहिल्या पानावर नुसत्या रेघा. मग अ, आ. प्रत्येक पानाखाली तू स्वतःला मार्क दिलेत, शिक्षिकेच्या शिस्तीने. एक. एक. दीड. दोन. दोन. दोन. चिठ्ठीच्या शनिवारपर्यंत दोनच्या वर गेलेली नाहीस. त्याच्यानंतरच्या पानाखाली "तीन" आहे, आणि कंसात "शालू".

हे पान मी दुकानात उघडलं. मोठ्याने रडले. गिऱ्हाईक समोर होतं. त्याला म्हटलं, पाच मिनिटांनी या.

आता तुझ्याशी भांडायचं आहे. तू तीन शनिवार माझ्यासमोर बसून खोटं बोललीस. चष्मा राहिला, चिठ्ठी राहिली, जयनगरला काम आहे. एकदा म्हणाली असतीस, "शालू, हात गेलाय, पण मी येणार, बघू तू कशी अडवतेस," तर मी अडवलं असतं, तू भांडली असतीस, आणि बारा वर्षांत जसं झालं तसं शेवटी तू तुझंच केलं असतंस. त्या भांडणात मी हरले असते. ती संधी तू मला दिली नाहीस. आपली बाई दार लावणारी आहे एवढंच धरून बसलीस. दार लावणाऱ्याला कधी तरी थांबता येतं की नाही, हे बघायला नको होतं? पंधरा पावलांवर तर होतीस.

आणि त्या दिवशी तुझी तू चिठ्ठी ऐकलीस, माझी नक्कल ऐकलीस, आणि म्हणालीस दोनच दे. इतकं हसू तू कुठून आणलंस, अक्का? मला नसतं जमलं. मी चिठ्ठी हिसकावून घेतली असती.

उमाने मला विचारलं, लायब्ररीत सांगणार का? तुझं वचन तिने पाळलं, माझ्याकडून तू घेतलं नव्हतंस. म्हणून सांगतेय. ज्या हसल्या त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, हसवलं मी. ती सहावी चिठ्ठी आता पुस्तकाच्या मागच्या पानावर चिकटवली आहे. नाव घातलेलं नाही, नियम आहे. मताचे मार्क द्यायचे राहिले होते, ते दहा दिलेत. अक्षराचे तीनच ठेवलेत. तू वहीत लिहून घेतलेस, ते मी कशी बदलू?

एक चिठ्ठी अजून बाकी होती. कपाट सांभाळणारीने सगळ्यांत शेवटी लिहायची असते, ती माझी. मी ती काल लिहिली, आणि ती तुझ्या विरोधात आहे. तू म्हणतेस, कारण आधी कळलं तर रागावायचं राहून जातं. अक्का, मला कारण आधी कळलं. उमाने पाचव्या दिवशी सगळं उलगडून सांगितलं, मी ते समजून घेतलं, पटलं, तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. राग त्यानंतर आला. रोज येतो. खळ ढवळताना येतो, सहा वाजता किल्ली फिरवताना येतो. काही राहून जात नाही.

म्हणजे वाद मी जिंकले. शून्य नंबराची चिठ्ठी मात्र खरवडून काढली आहे आणि पुस्तक आठव्याच्या पुढे नेऊन ठेवलं आहे, तू म्हणत होतीस तिथे.